ई-रीडर, काही महिन्यांनंतर : मुख्यतः त्या टक्केवारीबद्दल

माझ्या ई-रीडरवर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावर, रात्रीत आपोआप अपडेट बसलं आणि सकाळी पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, पुस्तक किती वाचून झालं ते सांगणारा, ३७% असा आकडा हजर झाला. हा आकडा मी केव्हाच बंद करून टाकला होता. कोपऱ्यावर बोट टेकवलं की टक्के, पुन्हा टेकवलं की ‘प्रकरण संपायला इतकी मिनिटं’, पुन्हा टेकवलं की ‘पुस्तक संपायला इतके तास’, आणि चौथ्यांदा टेकवलं की कोपरा रिकामा, अशी सोय होती. नव्या अपडेटनं ती चौथी पायरीच काढून टाकलीय. आता तिघांतच गोल गोल फिरायचं. बाकी यंत्राबद्दल माझी फारशी तक्रार नाही, तरी पाचातले दोन तारे मी या एका आकड्यापायी कापतेय. अती वाटत असेल तर पुढचं वाचा.

सहा इंची पडदा, ३०० पीपीआय (इंचाला ३०० ठिपके), कडेनं आत सोडलेला उजेड वगैरे तुम्हाला ठाऊकच असणार. बॅटरी आठवडेच्या आठवडे चालते ही जाहिरात मात्र खरी आहे, वायफाय बंद ठेवलंत तर. या पडद्याच्या ‘ई-इंक’ला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शाईला, वीज लागते ती पान बदलताना. काळे-पांढरे कण एकदा जागेवर बसले की वीज नसली तरी ते तिथेच राहतात. (त्यामुळे चार्जिंग संपून मेलेलं यंत्रही शेवटचं चित्र शांतपणे दाखवत बसतं आणि आपण उगाच बटण दाबत राहतो.) उन्हात उत्तम दिसतं. वजन हाताला जाणवत नाही. पुढे चला.

मी काय वाचते ते सांगायला हवं, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. यंत्र घेताना मी मनाशी ठरवलं की त्याचे पैसे वसूल होईपर्यंत एकही पुस्तक विकत घ्यायचं नाही. त्यामुळे जवळजवळ सगळं वाचन स्वामित्वहक्क संपलेल्या पुस्तकांचं झालं. प्रोजेक्ट गुटेनबर्ग १९७१ पासून अशी पुस्तकं संगणकावर फुकट देतंय, विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयात मराठीतलंही बरंच आहे. एरवी हाती धरली नसती अशी जाडजूड पुस्तकं केवळ फुकट म्हणून उतरवली आणि वाचूनही झाली. रहस्यकथा, रशियन कादंबरी, रोमचा इतिहास, उत्क्रांती, ओव्या. एकाच पडद्यावर इतके वेगवेगळे प्रकार लागोपाठ वाचले की पुस्तकापुस्तकातला फरक कळतो आणि यंत्राचाही.

सुरुवात शेरलॉक होम्सपासून केली. ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ ही त्याची पहिली कादंबरी, १८८७ ची. तिची रचना विचित्र आहे. पहिला भाग संपता संपता होम्स खुन्याला बेड्या घालतो, आणि पान उलटलं की आपण अमेरिकेतल्या ओसाड प्रदेशात, बरीच वर्षं मागे. ना होम्स, ना वॉटसन. ज्यानं आधी काहीच ऐकलेलं नाही त्याला इथे जबर धक्का बसायला हवा. पकडला की! मग आता काय? मला तो धक्का मिळालाच नाही. खोलीत झटापट चालू होती तेव्हाच माझा डोळा कोपऱ्यात गेला आणि तिथे पन्नाशीच्या आसपासचा आकडा होता. म्हणजे निम्मं पुस्तक शिल्लक, म्हणजे इथे काही संपत नाही. रहस्यकथा वाचताना हा आकडा म्हणजे नाटकात शेजारी बसून ‘हा नाही मरणार, अजून दोन अंक आहेत’ असं कुजबुजणारा प्रेक्षक. कोपरा रिकामा कसा करायचा ते मी त्याच रात्री शोधून काढलं.

कागदी पुस्तकातही उजव्या हाताखालची पानं कमी होताना कळतातच की, असं कोणी म्हणेल. कळतात. जेन ऑस्टिननं तर ‘नॉर्थँगर ॲबी’च्या अखेरीला वाचकाला तोंडावरच सांगितलंय की पुढची पानं किती थोडी उरलीत ते तुम्हाला दिसतंय, तेव्हा सगळ्यांचं भलं होणार हे तुम्ही ताडलंच असेल. १८१७ च्या डिसेंबरात, ती गेल्यावर पाच महिन्यांनी छापून आलेलं हे पुस्तक, आणि त्यातली ही खोडी आजही हसवते. पण बोटांना कळते ती जाडी ढोबळ असते. शेवटची पानं गोष्टीची आहेत की परिशिष्टाची हे उलटून पाहिल्याशिवाय समजत नाही, आणि मुख्य म्हणजे ती जाडी प्रत्येक ओळीखाली येऊन उभी राहत नाही. शिवाय माझ्या प्रतीत ऑस्टिनबाईंचा विनोद फसलाच असता. गुटेनबर्गच्या फाइलींना शेवटी परवान्याचा लांबलचक मजकूर जोडलेला असतो, आणि तोही टक्क्यांत धरला जातो. गोष्ट संपली तरी शंभर भरत नाहीत. छोट्या पुस्तकात तर हा फरक चांगलाच जाणवतो.

टिपांच्या बाबतीत तर कहरच. फुकटच्या नियमाला एकच अपवाद झाला, भेट मिळालेलं एक चरित्र. परवाच्या अपडेटनंतर आकडा दिसत असताना वाचलेलं हे पहिलं पुस्तक. साठीच्या आसपास टक्के झाले होते आणि चरित्रनायक आजारी पडला. मी म्हटलं पडेना का, अजून एक तृतीयांशाहून जास्त पुस्तक बाकी आहे, उठेल, भांडेल, त्या अर्धवट राहिलेल्या संस्थेचं काहीतरी करेल. एक पान उलटलं, तो गेला. पुढचं पान उलटलं, ‘टिपा’. उरलेलं सगळं टिपा, संदर्भ आणि सूची. माणसाच्या मृत्यूनं चटका बसायच्या ऐवजी मला फसवल्यासारखं वाटलं, आणि त्यात बिचाऱ्या लेखकाचा काही दोष नव्हता.

हे असं का होतं, ते थोडं खोदून पाहिलं. ई-पुस्तकात पान नावाची गोष्टच नसते. ईपब, म्हणजे ई-पुस्तकाच्या फाइलीचा प्रचलित प्रकार, ही वेबपानांची एक दाबून बांधलेली पुडकी. अक्षर मोठं केलं की मजकूर नव्यानं वाहतो आणि ‘पानं’ वाढतात. मग प्रगती मोजायची कशी? प्रत्येकानं आपापला जुगाड केलाय. अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीच्या पद्धतीत फाइल दाबल्यानंतरचे १,०२४ बाइट म्हणजे एक पान धरतात. म्हणजे लेखक तेच तेच शब्द वापरत असेल तर फाइल जास्त दाबली जाते आणि पुस्तक ‘लहान’ होतं! दुसरी गंमत आपल्या लिपीची. युनिकोडच्या, म्हणजे संगणकावर सगळ्या लिप्या लिहायच्या पद्धतीच्या, प्रचलित साठवणीत साध्या रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन लागतात. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळे वेगळे धरून. तेव्हा मराठी मजकूर आणि मागे इंग्रजी संदर्भसूची असलेलं पुस्तक जर बाइटांवर मोजलं, तर आकडा वाचनाशी अजिबात जुळणार नाही. छापील आवृत्तीचे पानक्रमांक ईपबमध्ये घालायची सोय आहे, प्रकाशकानं कष्ट घेतले तर. पण ज्या आकड्याला स्वतःलाच आपण काय मोजतोय याचा पत्ता नाही, तो मी दर पानावर का बघायचा?

हेच मी ग्राहकसेवेला लिहिलं. इतकं लांबलचक नव्हे. समस्येचा फोटो पाठवा म्हणाले. पाठवला. उत्तर आलं, ‘मॅम, यात टक्केवारी बरोबर दिसत आहे.’ मी लिहिलं, ती दिसतेय हीच तक्रार आहे. मग फॅक्टरी रीसेट, म्हणजे यंत्र पुसून नव्यासारखं कोरं, करायला सांगितलं. रीसेट केल्यानं काढून टाकलेला पर्याय परत कसा येईल, हा प्रश्न दोनदा विचारला, दोन्ही वेळा रीसेटच्याच पायऱ्या नव्यानं चिकटवून आल्या. शेवटी भांडायचा कंटाळा येऊन केलं रीसेट. आकडा तसाच राहिला. गेलं काय, तर मी खुणा केलेला सगळा मजकूर. त्यांच्या दुकानातून घेतलेल्या पुस्तकांच्या खुणा त्यांच्याकडे जपलेल्या असतात, आपण बाहेरून चढवलेल्या फाइलींच्या नसतात. म्हणजे फुकट वाचणाऱ्याच्या खुणाही फुकटच. तेव्हा कोणी रीसेट करायला सांगितलं तर आधी यूएसबीनं संगणकाला जोडा आणि खुणा-टिपणांची फाइल उतरवून घ्या. साधी मजकुराची फाइल असते, दोन मिनिटांचं काम. हे त्यांनी सांगायला हवं होतं.

आता जे मनापासून आवडलं ते. इतिहासकार गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास मी निव्वळ हट्टानं सुरू केला. सहा खंड, ७१ प्रकरणं, आणि तळटीपा किती ते विचारू नका. त्या टीपांतच सगळी मजा आहे. वर गंभीर वाक्य, खाली एखाद्या बिशपला हळूच काढलेला चिमटा. पहिला खंड १७७६ साली आला तेव्हा या टीपा खंडाच्या शेवटी छापल्या होत्या. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं प्रकाशकाला पत्र लिहून कुरकुर केली की टीप पाहायला शेवटापर्यंत जावं, तर तिथे बऱ्याचदा नुसतं ग्रंथाचं नाव. पुढच्या आवृत्त्यांत टीपा पानाखाली आल्या. ह्यूम तेव्हा शेवटच्या आजारात होता, तरी त्याला हे लिहावंसं वाटलं, म्हणजे बघा. मी इथे टीपेच्या बारीक आकड्यावर बोट ठेवलं की खालून एक चौकट वर येते, टीप वाचायची, बाहेर कुठेही बोट लावलं की गायब. जागा सुटत नाही, बोट पानात अडकवून ठेवावं लागत नाही. नुसतं ग्रंथाचं नाव असेल तर अर्ध्या क्षणात बंद. गिबन कागदावर मी दुसऱ्या प्रकरणापुढे गेले नसते. चौकटीत न मावणारी लांब टीप मात्र अर्ध्यात तुटते आणि ‘टीपेकडे जा’ करून परत येताना कधीकधी भलत्याच ठिकाणी उतरवते. तरी या एका सोयीसाठी मी यंत्राला पैकीच्या पैकी द्यायला तयार होते.

टॉलस्टॉयची ‘युद्ध आणि शांती’ वाचली तेव्हा कोपरा रिकामाच होता. ३६१ प्रकरणं, पण बहुतेक इवलीशी. झोपण्याआधी दोन, वाट बघताना एक, अशी सहज उरकतात. इतक्या लांबीच्या पुस्तकाला हातात वजन नसणं हे सुखच आहे. नावांचा घोळ होतो तिथे शोध कामाला येतो. नाव दाबून धरा, हा माणूस आधी कुठे भेटला होता ते कळतं. माणसं जगली, मेली, लग्नं झाली, मुलं झाली, सगळं जिथल्या तिथे आलं. आणि मग उपसंहाराचा दुसरा भाग लागला. त्यात गोष्ट नाहीच. इतिहास कशानं घडतो, माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे का, यावर टॉलस्टॉय प्रकरणामागून प्रकरण बोलत राहतो. मी वाट बघतेय की कादंबरीतला पिएर कधी परत येतो. तो येत नाही. इथे पहिल्यांदा त्या आकड्याची आठवण झाली. किती उरलंय हे कळलं असतं तर मी त्या युक्तिवादाला लागेल तेवढा दम राखून बसले असते. अनुक्रमणिका उघडून पाहिलं तेव्हा कळलं की या भागाची बाराच प्रकरणं आहेत. मग निवांत वाचली. काही पानं तर चांगलीच आवडली.

तेव्हा सरसकट आकडा नको असं मी म्हणणार नाही. जिथे गोष्ट पुढे काय होणार यावर उभी आहे तिथे तो शत्रू आहे. जिथे एखादा माणूस आपल्याला काहीतरी समजावून सांगतोय तिथे तो चालेल, कधीकधी हवाच. खरं तर हा पर्याय पुस्तकागणिक असायला हवा. एकदा ठरवलं की त्या पुस्तकापुरता लक्षात राहावा. अक्षराचा आकार यंत्राला लक्षात ठेवता येतो, हे का नाही?

पान हाच मजकुराचा भाग असतो अशा पुस्तकांत मात्र यंत्र साफ तोंडघशी पडतं. डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ (१८५९) मध्ये अख्ख्या पुस्तकात एकच आकृती आहे. फांद्या फुटत जाणाऱ्या रेषांची, खाली A ते L अक्षरं, आडव्या रेघांना रोमन आकडे, दोन रेघांमधलं अंतर म्हणजे हजार किंवा जास्त पिढ्या. मूळ पुस्तकात ती घडीच्या पानावर होती. उलगडून बाजूला ठेवायची आणि मजकूर वाचत जायचा, कारण पुढची कित्येक पानं डार्विन त्या आकृतीतली एकेक रेघ बोटानं दाखवत बोलतो. इथे ती आकृती पोस्टाच्या तिकिटाएवढी येते. मोठी करा, सरकवा, पडदा एकदा काळा होऊन लखलखतो, मागच्या चित्राची पुसट सावली राहते, परत मजकुरात या, रेघ विसरलेली. पाच-सहा वेळा हे केल्यावर मी सरळ ती आकृती वहीत काढून घेतली आणि मग चौथं प्रकरण झरझर गेलं. पुस्तक विलक्षण आहे. आपल्याच सिद्धान्तावरच्या अडचणी स्वतः मांडून त्यांना अख्खं प्रकरण देणारा माणूस वाद घालायला किती कठीण असेल!

लॉरेन्स स्टर्नच्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’चं तर विचारूच नका. १७५९ ते १७६७ मध्ये आलेली ही कादंबरी म्हणजे छापील पुस्तकाशी केलेला खेळ. एक पात्र मरतं आणि पान संपूर्ण काळं. एक पान संगमरवरी रंगांचं. एक पान कोरं, त्यावर वाचकानं नायिकेचं चित्र काढायचं. एक प्रकरण चक्क गायब, दहा पानं फाडली म्हणून निवेदक सांगतो आणि मूळ आवृत्तीत पानांचे आकडेही उडी मारतात. माझ्या प्रतीत काळं पान हे एक छोटं काळं चौकोनी चित्र होतं, रंगीत पान करड्या रंगाचं, आणि कोरं पान नव्हतंच. फाइल बनवताना रिकामं म्हणून गळालं असणार. फाडलेल्या पानांच्या विनोदावर टक्केवारी एकानं पुढे सरकली, एवढंच. हे पुस्तक कागदावरच वाचा.

मराठीसाठी थोडं वेगळं. ज्ञानेश्वरीची ओवी साडेतीन चरणांची. तीन चरणांना यमक, चौथा आखूड. तो आखूड चरण एकटा दिसला तरच कानात बसतो. अक्षर जरा मोठं केलं की तिसऱ्या चरणाचा शेवटचा शब्द खालच्या ओळीत उतरतो आणि आखूड चरण कोणता तेच कळेनासं होतं. कवितेसाठी यंत्र आडवं धरा, ओळ पुरते. गद्यात ओळी दोन्ही कडांना जुळवून घेतल्या की मधे भगदाडं पडतात, कारण आपले लांबलचक शब्द मधे तोडायचं ज्ञान यंत्राला नाही. डावीकडे जुळवून ठेवा, डोळ्याला बरं पडतं. शोधात आणखी एक घोळ आहे. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो, एकदा नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) ऱ ला हलन्त देऊन, एकदा साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला दोन्ही हुबेहूब, यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द. एकाचा शोध घेतला की दुसऱ्या प्रकारे टंकलेले सापडत नाहीत. शोधाच्या चौकटीत टंकण्यापेक्षा पानावरचाच शब्द दाबून धरून शोधा, म्हणजे निदान त्या फाइलीत जो प्रकार वापरलाय तो तरी पकडला जातो.

सध्या होम्सच्या लघुकथा चालू आहेत. सगळा होम्स एका फाइलीत घेतला तर चार कादंबऱ्या आणि ५६ कथा, आणि कथेमागे टक्का कसाबसा एक-दीड हलतो. म्हणजे निदान इथे आकडा काही फोडत नाही. पण लघुकथेतही ‘प्रकरण संपायला ६ मिनिटं’ दिसलं की संशयिताचं काय होणार ते कळतंच. म्हणून कोपऱ्यात टक्केच ठेवलेत. कादंबरी घेतली की मात्र काचेच्या त्या कोपऱ्यावर मास्किंग टेपचा नखाएवढा तुकडा चिकटवते. आकडा झाकला जातो, पान उलटायला अडचण येत नाही, अपडेट काही करू शकत नाही. अक्षर अगदी बारीक ठेवलं तर शेवटच्या ओळीतला एखादा शब्दही टेपखाली जातो, तेवढा खालचा समास वाढवून घ्या. आणि टेप कागदीच वापरा, प्लास्टिकच्या चिकटपट्टीचा गोंद काचेवर राहतो.